हात वर केलात, तोंड का उघडलं नाहीत?

बसा खाली. वह्या-पुस्तकं मिटून ठेवा. तास राज्यशास्त्राचा आहे आणि मी राज्यशास्त्रच शिकवणार आहे, पण पुस्तकातलं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला याच वर्गात तुम्ही जे केलंत, त्याचा आज हिशेब आहे. मागच्या बाकांवरचे पुढे या. आज कोणी भिंतीला टेकून ऐकायचं नाही.

यंदाची सहल कुठे न्यायची ते मुलांनी ठरवावं, यासाठी मी शिक्षकांच्या बैठकीत भांडले. ‘मुलांना काय कळतंय, जो मोठ्यानं ओरडेल त्याच्यामागे जातील,’ असं मला तोंडावर सांगण्यात आलं. मी हटले नाही. नववीतली मुलं विचार करू शकतात, एकदा विचारून तर बघा, असं मी म्हणाले. मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि निर्णय तुमच्या हाती दिला. तुम्ही तीन मिनिटांत त्या बैठकीतला प्रत्येक आक्षेप खरा करून दाखवलात.

वॉटर पार्क निवडलात म्हणून मी रागावलेली नाही, हे आधी डोक्यात घ्या. पाण्यात खेळावंसं वाटण्यात काही गैर नाही. ज्या पद्धतीनं निवडलंत, तिचा मला राग आहे.

काय झालं ते सांगते. तुम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात इतके गुंतला होतात की वर्गात काय चाललंय ते तुमच्यापैकी कोणाला दिसलंच नाही. मी दाराशी उभी होते, मला दिसलं. वर्गप्रतिनिधी फळ्यापाशी आला आणि त्यानं एवढंच विचारलं, “वॉटर पार्कला कोण कोण?” दुसरी कोणती ठिकाणं सुचवली गेली आहेत, खर्च किती, जायला वेळ किती लागतो, यातलं एक अक्षर नाही. शेवटच्या बाकावरचे दोन हात आधी वर गेले. मग मधल्या रांगांतल्या माना मागे वळल्या. हात कोणाचे आहेत ते नीट बघून घेतलं गेलं, आणि मग भराभरा हात वर. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा हात कोपरात वाकून अर्ध्यावर थांबला होता. शेजारणीनं केला तेव्हा तो सरळ झाला. ५८ पैकी ४१ हात. कोणीतरी हळूच ‘रायगड’ म्हणालं, त्यावर हशा पिकला. आणि जाहीर झालं, “बहुमत झालं, विषय संपला.”

मग मी वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करायला लावल्या. नाव घालायचं नाही, ठिकाण लिहायचं, घडी करून खडूच्या डब्यात टाकायची. तुमच्यादेखत मोजल्या. वॉटर पार्क २३. रायगड २६. आठ चिठ्ठ्या कोऱ्या. आणि एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मी येणारच नाही, मग मत कशाला?’

४१ चे २३ झाले. म्हणजे त्याच्या थोडंच आधी वर गेलेल्या हातांपैकी निदान १८ हात खोटे होते. मनात एक आणि हात दुसरीकडे. तुमच्यावर कोणी बंदूक रोखली होती का? कोणी मार्क कापणार होतं? मागच्या बाकावरच्या दोघांनी बघितलं तर काय म्हणतील, एवढ्याच भीतीपायी तुम्ही स्वतःचं मत गिळलंत. हो ला हो म्हणायला अक्कल लागत नाही. आणि ‘शाळेत आम्हाला कोणी विचारत नाही’ ही तुमची तक्रार मी जूनपासून ऐकते आहे. या वेळी विचारलं होतं. विचारलं तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात.

मतदान गुप्त का ठेवतात, हे परीक्षेत तुम्ही दोन ओळींत लिहिता आणि दोन मार्क घेता. त्या दोन ओळींचा अर्थ शुक्रवारी तुमच्या समोर होता. १९५१-५२ साली आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा सतरा कोटींहून जास्त मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं आडोशाला जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. ज्याच्या शेतात राबायचं त्या मालकाला, ज्याचं कर्ज आहे त्या सावकाराला कळता कामा नये की या माणसानं काय केलं. त्या आडोशानं कुळाला मालकाच्या धाकातून क्षणभर सोडवलं. तुम्हाला तर मालकही नाही, सावकारही नाही. तुम्ही आपला धाक आपणच तयार केलात आणि त्याच्यापुढे हात जोडलेत.

आता त्या एका चिठ्ठीबद्दल. ती कोणाची हे मला माहीत नाही, अक्षर मी ताडून पाहिलेलं नाही आणि कोणी पाहणारही नाही. पण ती वाचून झाल्यावर वर्गातून एक आवाज आला, “ज्याला पैशांची अडचण आहे त्यानं हात वर करा ना.” कोणाचा आवाज ते मला नीट ठाऊक आहे. अरे, चारचौघांत उभं राहून ‘माझ्या घरी पैसे नाहीत’ असं कबूल करायला लावणं, याला तू मदत समजतोस? उद्या तुझ्या घरची एखादी अडचण अशी वर्गासमोर हात वर करून सांगायला लावली, तर चालेल तुला? वॉटर पार्कला माणशी साडेचौदाशे रुपये लागणार होते. हा आकडा फळ्यावर लिहायला खडूचा तुकडा पुरला असता. तो लिहिला असता, तर कोणाला काही कबूल करावं लागलं नसतं, आकड्यानंच चर्चा सुरू केली असती. शाळेच्या सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात गाडी देते, हे तुमच्यापैकी कोणी आगारात जाऊन विचारलं? आगार तुमच्या क्लासच्या वाटेवर आहे. रोज त्याच्यासमोरून जाता.

माहितीशिवाय दिलेलं मत मला चालणार नाही. पटत नसेल तर गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला, देशात तो मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तो कोणी दयाबुद्धीनं आणून दिला नाही. गावात ग्रामसभा तर होतीच, पण तिच्या जोडीला अभ्यासगट होते. कायदा काय म्हणतो, बांबू किती, तो कोण तोडतं, पैसा कुठे जातो, हे आधी अभ्यासगटात बसून समजून घ्यायचं, बाहेरचा जाणकार बोलावून त्याला प्रश्न विचारायचे, आणि मग ग्रामसभेत निर्णय घ्यायचा. निर्णयही सर्वांच्या सहमतीनं. एखाद्याचा विरोध असेल तर त्याचं म्हणणं ऐकेपर्यंत निर्णय थांबतो. लागला महिना तर लागला. ज्यांना शिकायला शाळाही नीट मिळाली नाही अशा माणसांनी हे करून दाखवलं. तुमच्याकडे शाळा आहे, ग्रंथालय आहे, घरोघरी फोन आहे, आणि तुम्हाला तीन मिनिटांच्या वर दम निघाला नाही.

वर्गप्रतिनिधी, आता तुझ्याकडे येते. उभा राहा. ‘बहुमत झालं, विषय संपला’ हे वाक्य तू कुठून उचललंस ते मला कळतं, रोज टीव्हीवर कोणी ना कोणी तेच म्हणत असतं. पण तू रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका सर्वांत मोठ्या आवाजात म्हणतोस. त्यात दर्जाची आणि संधीची समानता आहे. ती मतदानाला टाकायची गोष्ट आहे का? समज, ५७ जणांनी ठरवलं की एक जण मागे राहिला तरी चालेल, तर ते बरोबर ठरतं का? बहुमतानं ठिकाण ठरतं, वार ठरतो, डब्यात काय आणायचं ते ठरतं. वर्गातला कोण वर्गाचा आणि कोण नाही, हे बहुमत ठरवू शकत नाही. आणि तुझं काम काय होतं? तू फळ्यापाशी उभा होतास तो ज्यांचा आवाज निघत नाही त्यांना बोलतं करायला. तू मात्र मागच्या बाकाकडे बघून कौल घेतलास. तुला निवडून कोणी दिलं ते मला माहीत आहे, निवडणुकीच्या आदल्या दिवशी गेटबाहेरच्या गाडीवर वडापाव कोणी कोणाला खाऊ घातले तेही माहीत आहे. खाणाऱ्यांनो, खाली बघू नका, तुमच्याशीही बोलते आहे.

वडापावाची गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एके काळी विद्यार्थी आपले प्रतिनिधी थेट निवडून द्यायचे. त्या निवडणुकांत आधी पार्ट्या शिरल्या, मग पैसा, मग बाहेरची माणसं, मग मारामाऱ्या, शेवटी खूनसुद्धा झाले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या थेट निवडणुका बंद केल्या. तुमच्या आई-वडिलांच्या वयाची माणसं कॉलेजात गेली आणि एकही मत न देता बाहेर पडली. निवडणुका पुन्हा घेण्याची तरतूद व्हायला २०१६ चा कायदा यावा लागला. एकदा गेलेला हक्क परत मिळवायला दोन दशकं जातात, आणि तो घालवण्याची सुरुवात वडापावाच्या गाडीवरच होते.

मुलींनो, तुम्ही निवांत बसू नका. शुक्रवारच्या सभेचं इतिवृत्त मी वाचलं. त्यात मुलांची नावं आहेत, अमक्यानं मांडलं, तमक्यानं अनुमोदन दिलं. आणि खाली एक ओळ, ‘मुलींचं म्हणणं रायगड असं होतं.’ मुलींचं म्हणजे कोणाचं? रायगड कोण म्हणालं, ते हशात बुडालं कारण ती उभी राहून बोलली नाही. लिहिणारीही मुलगीच होती, तिनंही नाव घातलं नाही. पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या तयार होत होत्या तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून घेतलं गेलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. पुढच्या वेळेपर्यंत बायकांनी आपली नावं द्यायला शिकावं, हा त्यामागचा हेतू होता. तो कठोर निर्णय होता, पण मला तो पटतो. आज आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, कारण मोठ्या सभेत बायका बोलत नाहीत, त्यांना बोलू दिलं जात नाही, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. या वर्गात तुम्ही निम्म्या आहात. तुमच्यासाठी वेगळी सभा घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका. बोला, आणि बोललेल्याखाली आपलं पूर्ण नाव लिहून घ्या.

काही जण मनात म्हणताहेत, ‘शेवटी बाईच ठरवणार, मग कशाला डोकं लावायचं.’ ही पळवाट मी बंद करते. हातांचा आणि चिठ्ठ्यांचा, दोन्हींपैकी एकही निकाल मी लागू केलेला नाही आणि माझा तिसरा निकाल तुमच्यावर लादणारही नाही. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला, १९९२ मध्ये भारतानं तो मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की मुलांशी संबंधित प्रत्येक बाबतीत मुलांना आपलं मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्यांचं वय व समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. वय तुमचं वाढतंच आहे, त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही. समज तुम्हाला दाखवावी लागेल. चार वर्षांत तुम्ही अठरा पूर्ण कराल आणि मतदार यादीत नाव येईल. त्या दिवशी सकाळी उठून अचानक शहाणपण येत नाही.

मुलं समज दाखवू शकतात, त्याचं हे उदाहरण ऐका. वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर १९१२ पासून अनाथ ज्यू मुलांचं घर चालवत. तिथे मुलांचं कोर्ट होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचे. मोठी माणसं फक्त नोंद ठेवायला. शिक्षकावरही तक्रार करता यायची, खुद्द कोर्चाक त्या कोर्टापुढे उभे राहिले. कोर्टाच्या नियमावलीत शिक्षेपेक्षा माफीची कलमं पुष्कळ जास्त होती. आणि ते कोर्ट मुळात कशासाठी, तर जे मूल गप्प आहे, भित्रं आहे, त्याला दांडगटांचा त्रास होऊ नये म्हणून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा सुटायची संधी असून कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. त्या घरातली मुलं वयानं तुमच्याएवढी आणि तुमच्याहून लहान होती. सगळं गमावलेली ती मुलं आपल्यातल्या भित्र्याला सांभाळायला बसत. तुम्ही आपल्यातल्या भित्र्याला हसलात.

आणखी एक बाब बाकी आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही ठराव केलात की मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ दुरुस्त व्हावा. छान ठराव, एकमतानं मंजूर, टाळ्या. अर्ज कार्यालयात गेला. त्यानंतर त्याचं काय झालं हे विचारायला एक मूल गेलं नाही. नळ अजून तसाच आहे, दांडी निघालेली, खाली बादली लावलेली. मुली घरून निघाल्यावर दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण ते स्वच्छतागृह वापरायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं आहे. ही मला त्यांच्याकडूनच कळलेली गोष्ट आहे आणि ती ऐकून माझी झोप उडाली. ठराव करणं म्हणजे काम झालं असं तुम्हाला कोणी शिकवलं? ठरावानंतर पाठपुरावा करावा लागतो. अर्जाचा आवक क्रमांक घ्यायचा, आठ दिवसांनी जायचं, नाही म्हणाले तर का ते लेखी मागायचं, पुन्हा जायचं. कंटाळवाणं काम आहे. निर्णयात भाग घेणं म्हणतात त्यातलं बरंचसं काम असंच कंटाळवाणं असतं, आणि ज्याला ते जमत नाही त्यानं सभेत जोरजोरात बोलू नये.

दाराबाहेर दोन शिक्षक उभे आहेत, त्यांनीही ऐकलं तर बरं. बालवाडीपासून आपण या मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ शिकवलं आणि नववीत आल्यावर म्हणतो, बोला. जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लावायची, शपथविधीचा फोटो काढायचा, अहवालाला जोडायचा, आणि त्या मंत्र्यांना वर्षभर रांगा सरळ करायला आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला वापरायचं, हे सरसकट चालतं. ज्या मंत्र्याला खडू-फळ्याच्या पंचवीस रुपयांचाही निर्णय घेता येत नाही त्याला मंत्री म्हणू नये. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत मुलांची आमसभा असायची. तिनं निवडलेले मंत्री स्वयंपाकघर, सफाई, शेती सांभाळत आणि केलेल्या कामाचा हिशेब आमसभेपुढे ठेवत. साठ्याचा हिशेब चुकला तर जेवण चुकेल, अशी ती खरी जबाबदारी होती. मुलं जबाबदारीनं वागत नाहीत म्हणून तक्रार करण्याआधी आपण त्यांच्या हाती खरोखर काही दिलं आहे का, हे बघितलं पाहिजे. सहलीचा निर्णय खरा होता. म्हणूनच तो असा उधळला गेल्याचं मला इतकं लागलं आहे.

आता ऐका. सभा तहकूब आहे, रद्द नाही. येत्या शुक्रवारी त्याच तासाला पुन्हा भरेल. वॉटर पार्कवाले आणि रायगडवाले, दोन्हींकडून चार-चार जण पुढे या. प्रत्येक गटानं खर्चाचा कागद आणायचा, गाडीभाडं, प्रवेश, जेवण, सगळं धरून, आणि आगारातून सवलतीची चौकशी करून. ज्यांना पूर्ण पैसे भरणं शक्य नाही त्यांचं नाव न घेता त्यांचा वाटा कसा उचलायचा, याची योजना दोन्ही गटांनी मांडायची. ती नसेल तर तो प्रस्ताव मतदानाला येणार नाही. तिसरं ठिकाण सुचवायचं असेल तर त्यालाही हेच लागू. बोलणाऱ्याला मध्ये कोणी हसलं तर तो सभेतून बाहेर जाईल, कोणीही असो. मतदान चिठ्ठीनं. इतिवृत्तात प्रत्येकाचं नाव, मुलींचंसुद्धा.

वर्गप्रतिनिधी, बस. मधल्या सुट्टीत कार्यालयात जा, नळाच्या अर्जाचा आवक क्रमांक शोध आणि आजपर्यंत काय झालं ते लेखी घेऊन ये. मी सुट्टी संपेपर्यंत इथेच बसणार आहे.